एक यंत्र आणि अनेक सेवा

अमेरिकेंतील एकादें कुटुंब सुटीच्या दिवशीं रानांत फिरावयास जातें. मुलें पुढें धांवतात, वडील मंडळी मागें राहतात, आणि दोहोंकडे एकेक वॉकी-टॉकी असते. बटण दाबलें कीं संभाषण सुरू होतें. या निरुपद्रवी खेळांत कायद्याचा भंग होत असेल अशी शंका कोणास यावी? तथापि २०१७ पूर्वीं तो नकळत सहज घडत असे. आणि त्याचें मूळ लोकांच्या वागण्यांत नसून यंत्राच्या घडणींत होतें.

बिनतारी लहरींवर बोलणाऱ्याकडे सामान्यतः परवाना असावा लागतो. परंतु कांहीं सेवांपुरती फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन या अमेरिकेच्या नियामक मंडळानें वैयक्तिक परवान्याची अट काढून टाकली आहे. २७ मेगॅहर्ट्झच्या आसपासच्या चाळीस चॅनेलांचा सिटिझन्स बँड ही त्यांतील एक सेवा; १९९६ सालीं निघालेली फॅमिली रेडिओ सर्व्हिस ही दुसरी. येथें माणसाला सूट मिळाली, यंत्राला नाहीं. प्रत्येक नमुन्याची शक्ति किती, तो कोणत्या लहरींवर बोलतो, हें तपासून प्रमाणपत्र मिळाल्याखेरीज तो विकतां येत नाहीं. परवान्याचें ओझें माणसाच्या खिशांतून काढून कारखान्याच्या दारांत ठेवलें, असेंच म्हणावें लागेल.

अडचण उद्भवली ती शेजारामुळें. जनरल मोबाइल रेडिओ सर्व्हिस ही अधिक शक्तीची सेवा ४६२ व ४६७ मेगॅहर्ट्झच्या त्याच परिसरांत चालते. तिला मात्र परवाना लागतो. कारखानदारांनीं दोन्ही सेवा एकाच डबींत बसविल्या. चौदाव्या चॅनेलवर बोलणारा निर्दोष, आणि खटका एक घर पुढें सरकवून पंधराव्यावर विनापरवाना बोलणारा दोषी! ही बाब सोबतच्या पत्रकांत छापलेली असे. पण तें पत्रक वाचतो कोण?

अखेर २०१७ सालीं मंडळानें नियमांची फेररचना केली व ती २८ सप्टेंबरपासून अमलांत आली. बावीसहि चॅनेल कुटुंबसेवेला खुले झाले: आठ ते चौदा अर्ध्या वॅटपर्यंत, बाकीचे दोन वॅटपर्यंत. जुन्या जोडयंत्रांपैकीं या मर्यादेंत बसणारीं बिनपरवाना वापरावयाचीं ठरलीं. अधिक शक्तीचीं परवान्याच्या सेवेंत गेलीं. पुढें अशी हातांतील जोडयंत्रें प्रमाणित करणें बंद झालें, आणि ३० सप्टेंबर २०१९ पासून त्यांची निर्मिती, आयात व विक्रीहि थांबली. कुटुंबसेवेच्या यंत्राचा आकाशतार न काढतां येणारा असावा, असाहि नियम आहे. लांब तार जोडून पल्ला वाढविण्याचा मोहच त्यामुळें उरत नाहीं.

याचा अर्थ एका यंत्रानें अनेक सेवा करणें सर्वथा निषिद्ध आहे असा नव्हे. परवान्याच्या सेवेंतील यंत्राला दुसऱ्या सेवेच्या लहरी देतां येतात. मात्र त्या सेवेलाहि प्रमाणपत्र लागत असलें पाहिजे, आणि यंत्रानें तेंहि मिळविलें पाहिजे. हौशी बिनतारी सेवा या सवलतींतून वगळली आहे, व त्यांत तथ्य आहे. हौशी मनुष्य परीक्षा देऊन परवाना घेतो आणि स्वतः यंत्र जुळवूं शकतो. तेथें भरंवसा माणसाच्या ज्ञानावर आहे. दुकानांतून डबी घेणाऱ्याच्या बाबतींत तो भरंवसा यंत्रावर ठेवावा लागतो. हे दोन भरंवसे एका डबींत कोंडले तर दोन्ही व्यर्थ होतात. ज्याची परीक्षा झालेली नाहीं त्याच्या हातीं ज्याला मर्यादा नाहीं असें यंत्र पडतें. मग त्याच लहरीवर डोंगरांत वाट चुकलेला कोणी मदतीची हांक देत असेल, तर ती दुसऱ्याच्या निष्काळजी बोलण्याखालीं दबून जावयाची.

परवाना नसणें म्हणजे नियम नसणें नव्हे. नियम तेथेंहि असतो. फक्त तो कागदावरून उतरून यंत्रांत जाऊन बसलेला असतो.