शेतावरचं घर आणि वादळवारं



आपल्या भंडारा जिल्ह्यात कितीतरी जणींचे संसार दोन घरांत असतात. एक घर गावात, दुसरं शेतावर. रोवणी लागली की चूल, भांडी, गाय, शेळ्या असं सगळं शेतावर जातं. रानडुकरांपासून धान राखायचं, तर रात्री तिथंच राहावं लागतं. मळणी झाली की आपण गावात परततो. ज्यांच्याकडं उन्हाळी धान असतं, त्यांचा मुक्काम पुन्हा मे महिन्यापर्यंत. उरलेले दिवस त्या घराला कुलूप असतं, आणि नेमकं तेव्हाच त्याच्याकडं कोणाचं लक्ष नसतं.

आमच्याच घरची गोष्ट सांगते. एका मे महिन्यात संध्याकाळी वादळ आलं आणि शेतावरच्या घराचे नऊ टिनाचे पत्रे उडाले. दुसऱ्या दिवशी आम्ही पत्रे गोळा केले, भिजलेलं धान वाळत घातलं, घर पुन्हा झाकलं. चौथ्या दिवशी कळलं की पंचनामे सुरू आहेत. पंचनामा करणारे आले, म्हणाले, "ताई, इथं तर नुकसान दिसतच नाही, लिहू काय?" फोटो नव्हता. घराची नोंदही कुठंच नव्हती. सासूबाई एवढंच बोलल्या, "हातचं काम लवकर केलं, तेच चुकलं." तेव्हापासून प्रत्येक गटाच्या बैठकीत हा विषय मी काढतेच.

आधी हे समजून घेऊ की छप्पर उडतं कसं. वारा छपरावरून जोरात जातो तेव्हा तो पत्र्याला वर ओढतो. दार-खिडकी उघडी असली तर आत शिरलेला वारा खालून ढकलतो. दोन्ही जोर एक झाले की पत्रा निघतो, आणि सुरुवात बहुतेक कडेच्या पत्र्यापासून होते. म्हणून पत्र्यावर दगड ठेवून भागत नाही. उलट तो दगड खाली झोपलेल्या माणसावर पडतो. पत्रे हुक आणि नटबोल्टनं आवळा, कडेला हुक जवळजवळ लावा. आडव्या बल्ल्या खांबांना जाड तारेनं बांधा आणि खांब जमिनीत खोल गाडा. वादळ दिसलं की दारं-खिडक्या बंद करा. कवेलूचं घर असेल तर मृगाच्या आधी कवेलू फेरून घ्या. घरावर वाळलेली फांदी लोंबत असेल तर ती आधीच तोडा.

घर बंद करताना धानाची पोती जमिनीवर ठेवू नका, फळ्यांवर किंवा विटांवर ठेवा. विजेचं बटन मुख्य जागेवरूनच बंद करा. सातबारा, आधार, पासबुक, बचतगटाची वही शेतावर ठेवूच नका. ठेवावी लागली तर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून उंच टांगा.

नदीकाठी शेत असलेल्यांसाठी आणखी एक गोष्ट. ऑगस्ट २०२० च्या शेवटी वैनगंगेला आलेला पूर आठवा. मध्य प्रदेशात वरच्या अंगाला पडलेल्या पावसाचं आणि तिथल्या धरणातून सोडलेलं पाणी आपल्याकडं आलं, आणि भंडारा शहरासह कितीतरी गावांत शिरलं. म्हणजे आपल्या डोक्यावरचं आभाळ कोरडं असलं तरी पूर येऊ शकतो. पाणी सोडल्याची दवंडी किंवा मोबाईलवर संदेश आला की शेतावर रात्र काढू नका. जनावरांचे दावे सोडा आणि गावाकडं निघा. शंका असेल तर जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाला १०७७ वर फोन करा.

वीज कडाडत असताना गवताची खोपडी किंवा झाड आपल्याला वाचवत नाही. पक्क्या घरात जा आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास तिथंच थांबा. मोबाईलवर 'दामिनी' हे अ‍ॅप घेतलं तर आसपास वीज पडण्याची सूचना मिळते.

एवढं करूनही नुकसान झालं तर काय करायचं? आवराआवर करण्याआधी फोटो काढा. एक फोटो लांबून, पूर्ण घर आणि ओळखीचं झाड किंवा विहीर दिसेल असा, बाकीचे जवळून. त्याच दिवशी तलाठ्याला आणि ग्रामसेवकाला कळवा, लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. जनावर दगावलं असेल तर पशुवैद्यकीय डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय पुरू नका.

२०२२ ते २०२६ या काळासाठी ठरलेल्या सरकारी निकषांत सपाट भागातलं घर पूर्ण पडलं तर १,२०,००० रुपये होते. किमान १५ टक्के पडझड झाली तर पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्या घराला ४,००० रुपये. झोपडीला ८,०००, घराला लागून असलेल्या गोठ्याला ३,०००. दुधाळ गाय-म्हशीला ३७,५०० आणि शेळीला ४,००० रुपये. हे आकडे वेळोवेळी बदलतात, म्हणून चालू दर तहसील कार्यालयात विचारून घ्या.

पण घर अधिकृत आहे, हे दाखवावं लागतं. शेतावरचं घर इथंच अडतं. म्हणून आजच ग्रामपंचायतीत जा, आपलं शेतावरचं घर नमुना आठवर आहे का ते बघा. नसेल तर नोंदीसाठी अर्ज द्या, आणि नवऱ्याच्या नावासोबत आपलंही नाव लावायला सांगा. घरधनी कामासाठी नागपूरला असतो, पंचनाम्याला उभी राहते ती बाई. मग कागदावर तिचं नाव नको का? आणि कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा कधीच देऊ नका. पंचनामा वाचून घ्या, गटातल्या शिकलेल्या पोरीकडून वाचून घेतला तरी चालेल.

पुढच्या बैठकीत बचतीसोबत एवढं एक काम करा. कोणाकोणाचं घर शेतावर आहे, त्याची यादी करा, आणि एक दिवस ठरवून सगळ्या जणी मिळून ग्रामपंचायतीत जा. एकटीला उद्या या म्हणतात, दहा जणींना बसायला सांगतात.