पाचवा सामना कोण खेळणार?

बॅडमिंटन म्हटलं की आपल्याकडे दोन नावं पटकन निघतात, सायना आणि सिंधू. सायना नेहवालनं २०१२ साली लंडन ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवलं. पी. व्ही. सिंधूनं २०१६ ला रिओत रौप्य आणि पुढे टोकियोत कांस्य आणलं. या दोघींचं कौतुक आपण भरभरून केलं, आणि ते योग्यच होतं. पण हाच खेळ देशाचा संघ म्हणून खेळायचा असतो तेव्हा त्याचा हिशेब निराळा असतो. आज तोच हिशेब समजून घेऊ या.

दोन देशांचे संघ समोरासमोर आले की जास्तीत जास्त पाच सामने होतात. तीन एकेरी, म्हणजे एकीसमोर एक. दोन दुहेरी, म्हणजे दोघींसमोर दोघी. पाचातले तीन जिंकले की लढत जिंकली. एकेरीत कोणी कितवं उतरायचं हे जागतिक क्रमवारीवरून ठरतं. आपली पहिली त्यांच्या पहिलीशी, दुसरी दुसरीशी, तिसरी तिसरीशी. म्हणजे घरात सिंधू असली तरी एकेरीतला एकच सामना तिच्या वाट्याला. उरलेले दोन विजय आणायचे कुठून? महिला संघांच्या जागतिक स्पर्धेला उबर कप म्हणतात आणि पुरुषांच्या स्पर्धेला थॉमस कप. तिथे सगळं याच प्रश्नावर अडतं.

२०१४ चा उबर कप दिल्लीत झाला. आपल्या मुली उपांत्य फेरीत पोहोचल्या. समोर जपान. सायना जिंकली, सिंधू जिंकली, आपण २-० नं पुढे. आता फक्त एक सामना हवा होता. पण आपली दुहेरीची मुख्य जोडी, ज्वाला गुट्टा आणि अश्विनी पोनप्पा, हरली. तिसऱ्या एकेरीतही हार झाली. झाले २-२. शेवटचा सामना दुहेरीचा होता आणि त्यासाठी दुसरी तितकी भक्कम जोडी आपल्याकडे नव्हती. मग सायना आणि सिंधू यांनाच पुन्हा मैदानात उतरवलं. दोघीही एकेरीच्या खेळाडू. दुहेरीत दोघींनी कुठे उभं राहायचं, मधे पडणारं फूल कोणी घ्यायचं (शटलला बरेच जण फूलच म्हणतात), ही समज वर्षानुवर्षं एकत्र खेळून येते. ती एका संध्याकाळीत कशी येणार? आपण २-३ नं हरलो. कांस्यपदक मिळालं, २०१६ लाही मिळालं, पण त्यापुढचं दार काही उघडलं नाही.

आमच्या मते त्या हारीत कोणा एकीचा दोष नव्हता. संघात वरच्या दोन मुली जगात गाजणाऱ्या होत्या, पण त्यांच्या मागे रांग नव्हती.

रांग का नव्हती? हा खेळ आपल्याकडे काही नवा नाही. १८७० च्या दशकात इंग्रज अधिकारी पुण्याच्या लष्करी छावणीत तो खेळत होते. तिथेच त्याचे सुरुवातीचे नियम लिहिले गेले आणि खेळाला ‘पूना’ असं नावही पडलं. पुढे क्रिकेटपटू दि. ब. देवधर यांच्या मुली तारा, सुंदर आणि सुमन यांनी देशाचं महिला बॅडमिंटन गाजवलं. मुंबईच्या अपर्णा पोपटनं १९९८ पासून सलग नऊ वेळा राष्ट्रीय विजेतेपद पटकावलं. नऊ वर्षं एकच मुलगी जिंकते यात तिचं कर्तृत्व आहेच, पण तिला आव्हान देणाऱ्या किती थोड्या होत्या, हेही त्यातून दिसतं.

चित्र पालटायला लागलं ते हैदराबादेत. पुल्लेला गोपीचंद २००१ मध्ये ऑल इंग्लंड ही मानाची स्पर्धा जिंकले. मग त्यांनी अकादमी उभारायचं मनावर घेतलं आणि पैसा कमी पडला तेव्हा राहतं घर गहाण ठेवलं. २००८ मध्ये अकादमी सुरू झाली. तिथे लहान मुलं-मुली मोठ्या खेळाडूंच्या शेजारच्या कोर्टवर सराव करू लागली. रोज आपल्याहून सरस खेळाडूशी खेळायला मिळणं हेच खरं शिक्षण. शिवाय दुहेरीसाठी परदेशी प्रशिक्षक आले. त्याआधी एकेरीत मागे पडलेल्यांनी दुहेरी खेळायची, असाच समज फार होता.

याचं फळ आधी पुरुषांना मिळालं. २०२२ मध्ये बँकॉकला त्यांनी थॉमस कप जिंकला, अंतिम फेरीत इंडोनेशियाला ३-० नं हरवून. त्या संघात दुहेरीत मुंबईचा चिराग शेट्टी होता. पण अंतिम फेरीच्या आधीच्या दोन्ही लढती २-२ वर आल्या होत्या, आणि दोन्ही वेळा पाचवा सामना तिसऱ्या एकेरीतल्या एच. एस. प्रणॉयनं जिंकून दिला, हे फार थोड्यांच्या लक्षात राहिलं.

आता मुलींकडे येऊ. फेब्रुवारी २०२४, मलेशियातलं शाह आलम, आशियाई सांघिक स्पर्धा. आपल्या संघात सिंधू होती, गुडघ्याच्या दुखापतीनंतर नुकतीच परतलेली. आसामची अश्मिता चालिहा होती. केरळची ट्रीसा जॉली आणि गोपीचंद यांची मुलगी गायत्री ही दुहेरीची जोडी होती. बापाची अकादमी म्हणून जागा मिळाली असं कोणी म्हणेल, पण या दोघी २०२२ आणि २०२३ अशी लागोपाठ दोन वर्षं ऑल इंग्लंडच्या उपांत्य फेरीत गेल्या होत्या. आणि तिसऱ्या एकेरीला होती हरियाणातल्या फरिदाबादची सतरा वर्षांची अनमोल खरब. जागतिक क्रमवारीत तिचा नंबर होता ४७२.

चीनविरुद्ध २-२ झाले, पाचवा सामना अनमोलनं जिंकला. उपांत्य फेरीत जपानविरुद्ध पुन्हा २-२, पुन्हा अनमोल. अंतिम फेरी थायलंडशी. सिंधू जिंकली, ट्रीसा-गायत्री तीन गेममध्ये जिंकल्या, २-० झाले. मग अश्मिता हरली, दुसरी जोडीही हरली. अगदी दिल्लीसारखंच! पण या वेळी शेवटच्या सामन्याला कोणाला ओढूनताणून उभं करावं लागलं नाही. अनमोलनं तो २१-१४, २१-९ असा सरळ जिंकला. आशियाई सांघिक स्पर्धेचं विजेतेपद भारताला पहिल्यांदाच मिळालं.

त्यानंतर एप्रिलमध्ये चीनमधल्या चेंगडूच्या उबर कपला सिंधू आणि ट्रीसा-गायत्री गेल्या नाहीत. तरुण मुलींनी कॅनडा आणि सिंगापूरला हरवून उपांत्यपूर्व फेरी गाठली आणि तिथे जपानकडून ०-३ असा मार खाल्ला. म्हणजे रांग लागली आहे, पण अजून लांबलचक नाही.

ही रांग आपल्या गावापर्यंत का पोहोचत नाही, असं तुम्ही विचाराल. या खेळाचं फूल सोळा पिसांचं आणि जेमतेम पाच ग्रॅमचं असतं. अंगणात जरा वारा सुटला की ते भलतीकडे जातं. म्हणून खरा सराव बंदिस्त हॉलमध्येच होतो आणि तसा हॉल बहुधा तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या क्रीडा संकुलात असतो. पिसांची फुलं महाग, लवकर मोडणारी. शिकताना नायलॉनची चालतात. आणि संध्याकाळी मुलीला एकटीला हॉलवर कसं पाठवायचं, हा प्रश्न तर कुठल्याच नियमपुस्तकात नाही! चार-पाच जणींच्या मुली मिळून गेल्या आणि सोबतीला एकेका आईनं पाळी लावली तर तो सुटतो, रिक्षाचा खर्चही वाटला जातो.

शालेय क्रीडा स्पर्धांत बॅडमिंटन १४, १७ आणि १९ वर्षांखालच्या मुलींसाठी असतं. नाव शाळेतूनच जातं, तेव्हा क्रीडाशिक्षकांना आधी गाठा, आणि वयाचा पुरावा लागतो म्हणून जन्माचा दाखला काढून ठेवा.