आठवड्याचा अभ्यास आणि गृहपाठाची वीस मिनिटे

पुणे जिल्ह्यातील शिरूर आणि दौंड हे भीमाकाठचे तालुके. एकीकडे रांजणगाव व कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहती, तर दुसरीकडे उसाचे मळे, साखर कारखाने आणि दौंड भागातील गुऱ्हाळे, असे येथील जीवनाचे स्वरूप आहे. साहजिकच येथील प्राथमिक शाळेच्या एकाच वर्गात निरनिराळ्या घरांतील मुले शेजारी बसतात. बागायतदाराचे मूल, कामगाराचे मूल आणि ऊसतोडणीसाठी परजिल्ह्यातून आलेल्या कुटुंबाचे मूल. शाळा सुटल्यावर एकाला घरी शिकविणारे कोणी असते. दुसऱ्याला फडाशेजारच्या कोपीत धाकटे भावंड सांभाळावे लागते. या दोघांना एकच गृहपाठ दिला आणि दुसऱ्या दिवशी दोघांच्या वह्या एकाच मापाने तपासल्या, तर ती परीक्षा मुलाची न होता त्याच्या घराची होते.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. त्यानुसार पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन व्हावयास हवे. म्हणजेच दिवसाला सरासरी चार तास आणि सहा दिवसांचे सुमारे तेहतीस आठवडे. केंद्र शासनाच्या २०२० च्या शालेय दप्तर धोरणाने दुसरीपर्यंत गृहपाठ नसावा आणि तिसरी ते पाचवीसाठी तो आठवड्याला दोन तासांहून अधिक नसावा, असे सुचविले आहे. सहा दिवसांत विभागल्यास हा वेळ रोज वीस मिनिटांचा होतो. नवे शिकविण्याचे काम वर्गातच पूर्ण करून या वीस मिनिटांत मुलाला एकट्याने करता येईल असाच सराव द्यावा, हे यावरून स्पष्ट होते.

तिसरीच्या वर्गासाठी अशा आठवड्याची आखणी पुढीलप्रमाणे करता येईल. सोमवारी गुणाकाराची कल्पना खडे किंवा चिंचोके मांडून द्यावी आणि घरी एकसारख्या वस्तूंचे गट मोजून यावयास सांगावे. कोणी गोठ्यातील जनावरांचे पाय मोजील, तर कोणी उसाच्या मोळ्यांच्या रांगा. मंगळवारी त्याच आकड्यांतून फळ्यावर पाढा तयार करावा. बुधवारी भाषेच्या तासाला घरातील वडीलधाऱ्यांकडून कामाचे पाच शब्द ऐकून येण्याचे काम द्यावे. गुरुवारी ते शब्द लिहून त्यांची वाक्ये करावीत. कोयता, वाढे, काहील, पाट असे शब्द वर्गात येतात, तेव्हा ज्या मुलाच्या घरी पुस्तक नाही, तेही इतरांना काही सांगू शकते. शुक्रवारी मागे राहिलेल्या मुलांची उजळणी घ्यावी. शनिवारी वाचन, खेळ आणि कृती यांना वेळ द्यावा. राज्यात २०२४ मध्ये हाती घेतलेल्या ‘आनंददायी शनिवार’ उपक्रमाचा हेतूही हाच आहे.

गृहपाठ अपुरा राहिल्यास काय करावे, हा प्रश्न शिक्षकांना नेहमी पडतो. अधिनियमाच्या कलम १७ अन्वये शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई आहे. शिवाय, रिकाम्या वहीच्या भीतीने एक दिवस घरी राहिलेले मूल हळूहळू शाळेपासून दुरावण्याचा संभव असतो. अशा मुलास परिपाठानंतर दहा मिनिटे देऊन, सोबत्याच्या मदतीने तेच काम वर्गात करू द्यावे. शेजारच्या खेड तालुक्यातील जालिंदरनगर येथील जिल्हा परिषद शाळेने मुलांनी मुलांना शिकविण्याची ‘विषयमित्र’ पद्धती राबविली. या शाळेस २०२५ मध्ये जागतिक पातळीवरील लोकपसंतीचा शालेय पुरस्कार मिळाला.

ऊसतोडणी करणाऱ्या कुटुंबांच्या मुलांची अडचण याहून मोठी आहे. गाळप हंगाम साधारणतः दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन वसंतापर्यंत चालतो. शाळेचे दुसरे सत्रही याच काळात येते. हंगामभर शाळा बुडाल्यास वर्षाचा जवळजवळ अर्धा अभ्यास हातचा जातो. अशा मुलास वयानुरूप वर्गात बसण्याचा हक्क आहे आणि दाखला येण्यास उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. मूळ गावाहून आणलेले शिक्षण हमी पत्रक पाहून त्याचा अभ्यास कोठपर्यंत झाला आहे, हे शिक्षकांनी जाणून घ्यावे आणि आठवड्याचा आरंभ तेथूनच करावा.

या कामी पंचायत सदस्यांचाही वाटा आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्या लागतात. शिरूर तालुक्यातील वाबळेवाडीच्या ग्रामस्थांनी शाळेच्या उभारणीत केलेले साहाय्य सर्वांना ठाऊक आहे. इमारतीइतके मोठे काम प्रत्येक गावास शक्य नसले, तरी सायंकाळी समाजमंदिराची खोली उघडी ठेवून तेथे एक दिवा आणि एक जाणती व्यक्ती यांची तासभर सोय करणे कोणत्याही ग्रामपंचायतीस अवघड नाही. तेवढी सोय झाली, तर कोपीतील मुलालाही आपली वीस मिनिटे मिळतील आणि सकाळी वही उघडताना त्याला संकोच वाटणार नाही.