आल्टरनेटरची घरगुती दुरुस्ती व रंगकाम

तंजावरचे राजे दुसरे सरफोजी भोसले (१७७७–१८३२) यांस ग्रंथसंग्रहाइतकाच यंत्रांचाही छंद होता. बिशप हेबर १८२६ साली त्यांच्या भेटीस आले, तेव्हा हवा उपसण्याचा पंप व घर्षणाने वीज उत्पन्न करणारे यंत्र त्यांच्या संग्रहात होते. परंतु अशा यंत्रातून ठिणगी मिळे, दिवा जळेल असा सतत प्रवाह मिळत नसे. यंत्राच्या गतीपासून तो मिळविण्याचा मार्ग मायकेल फॅराडे यांस १८३१ मध्ये सापडला. तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक हलविला, तर तारेत प्रवाह वाहू लागतो. मार्च १८३२ मध्ये सरफोजी निवर्तले. आज त्याच तंजावरच्या रस्त्यांवर धावणाऱ्या मोटारींच्या टपाखाली फॅराडे यांचे तत्त्व अहोरात्र राबत आहे.

यंत्राची रचना

पूर्वीच्या मोटारींत वीजनिर्मितीसाठी डायनामो असे. १९६० साली अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीने व्हॅलियंट मोटारीत आल्टरनेटर बसविला आणि पुढे तोच सर्वत्र रूढ झाला. इंजिन मंद चालत असतानाही तो पुरेशी वीज देतो, हे त्याचे वैशिष्ट्य होय.

पट्ट्याने पुली फिरते आणि तिच्याबरोबर घूर्णक, म्हणजे फिरणारा भाग, फिरतो. कार्बनचे दोन ब्रश आसावरील दोन तांब्याच्या कड्यांना टेकलेले असतात. त्यांतून घूर्णकाच्या वेटोळ्यास थोडा प्रवाह मिळतो व तो चुंबक बनतो. भोवतालच्या स्थाणुकात, म्हणजे स्थिर भागात, तीन वेटोळी असतात. त्यांत उलटसुलट दिशेने वाहणारा प्रवाह उत्पन्न होतो. बॅटरीस मात्र एकाच दिशेचा प्रवाह लागतो, म्हणून सामान्यतः सहा डायोड त्यास एका दिशेस वळवितात. दाब मर्यादेत ठेवण्याचे काम नियामकाचे.

आधी निदान

कावेरीच्या खोऱ्यात ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत ईशान्य मोसमी पाऊस पडतो. दमट हवेने अॅल्युमिनियमच्या कवचावर पांढरी भुकटी धरते व लोखंडी भागांस गंज चढतो. असे यंत्र पाहून मालकाच्या मनात प्रथम रंगाचा विचार येतो. तो धोक्याचा आहे. झिजलेला ब्रश रंगाखाली झाकला जातो, बरा होत नाही. आणि मग रात्री दूरच्या रस्त्यावर दिवे मंदावून गाडी थांबते.

म्हणून प्रथम बॅटरीची ऋण तार सोडवावी. यंत्र काढल्यावर दोन्ही कवचांवर आडवी खूण करावी, म्हणजे जोडणी चुकणार नाही. मग लांब बोल्ट काढून कवचे विलग करावीत. पुढील तपासणी ओहममापकाने होते. दोन कड्यांमधील रोध बहुधा दोन ते पाच ओहम भरतो. कडी व आस यांच्यामध्ये मात्र प्रवाह मुळीच जाता कामा नये. गेल्यास वेष्टण फुटले आहे असे समजावे. हाच नियम स्थाणुकाची वेटोळी व त्याचा लोखंडी गाभा यांसही लागू. प्रत्येक डायोडने एकाच दिशेने वाट द्यावी. बेअरिंग हाताने फिरविल्यास खरखरत असेल, तर ते बदलावेच. नवे बसविताना जी कडी घट्ट बसावयाची, तिच्यावरच दाब द्यावा. नाही तर आतील गोळ्यांवर घाव बसतो.

स्वच्छता आणि रंग

तंजावरच्या प्रसिद्ध चित्रांत फळीवर कापड व खडूचा लेप यांची पूर्वतयारी आधी होते आणि रंग त्यानंतर येतो. येथेही तोच क्रम पाळावा. वेटोळी कोरड्या ब्रशाने व हवेच्या सौम्य झोताने स्वच्छ करावीत. पेट्रोल वापरू नये, कारण ते वेष्टणास अपाय करील व आगीचेही भय आहे. कॉस्टिक सोडा अॅल्युमिनियमला खातो, तोही वर्ज्य. तांब्याच्या कड्या बारीक पॉलिश कागदाने उजळाव्यात.

रिकाम्या कवचास अॅल्युमिनियमसाठी असलेला अस्तर-रंग द्यावा व तो वाळल्यावर उष्णता सोसणाऱ्या रंगाचे पातळ हात द्यावेत. जाड थर उष्णता कोंडतो. बेअरिंगची खाच, कवचे जुळणाऱ्या कडा व इंजिनास टेकणारी जागा कागदी पट्टीने झाकावी. कवच हाच विजेचा परतीचा मार्ग असल्याने तेथील रंग प्रवाहास अडवील. घूर्णक रंगवू नये. तो व स्थाणुक यांमध्ये मिलिमीटरच्या काही दशांशांएवढेच अंतर असते.

अखेरची परीक्षा

जोडणी झाल्यावर पुली हाताने मोकळी फिरते का, हे पाहावे. बॅटरीच्या तारा उलट जोडल्यास डायोड क्षणात जळतात. तेव्हा ही काळजी सर्वांत मोठी. इंजिन चालू असता बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसावेत, मात्र संगणकनियंत्रित नव्या गाड्यांत हा आकडा बदलता असू शकतो. इंजिन चालू असताना बॅटरी कधीही सोडवू नये. एकाएकी वाढलेल्या दाबाने नियामक व डायोड निकामी होतात.

एवढे साधले, तर एक जुने यंत्र भंगारात जाण्यापासून वाचते. त्याहून मोठा लाभ असा की, ज्या तत्त्वाविषयी आपण पाठ्यपुस्तकात वाचले, ते स्वतःच्या हातांनी उघडून पाहावयास मिळते.