लंडनमध्ये फ्लॅट घेण्याआधी गल्ली ओळखा

लंडनमध्ये घर घ्यायचं ठरवलेल्या मराठी कुटुंबाचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: सेफ एरिया कुठला? उत्तरंही ठरलेली असतात. वायव्येला हॅरोकडे बघा, पूर्वेकडे जाऊ नका, कौन्सिलच्या बिल्डिंगकडे फिरकू नका. अशा ऐकीव उत्तरांच्या भरवशावर लोक आयुष्यभराची पुंजी गुंतवतात, पंचवीस-तीस वर्षांचं कर्ज अंगावर घेतात. त्यातल्या बऱ्याचशा उत्तरांना फारसा आधार नसतो.

मुळात लंडनमध्ये श्रीमंती आणि गरिबी गल्लीगणिक बदलते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस समाज-अभ्यासक चार्ल्स बूथ यांनी शहराच्या दारिद्र्याचा नकाशा करवून घेतला, तेव्हा त्यांना रस्ता न् रस्ता वेगळा रंगवावा लागला. धनिकांच्या रस्त्यांना पिवळा, अगदी तळातल्या वस्तीला काळा आणि मधल्या पायऱ्यांना इतर रंग. त्या नकाशात उंची रस्त्यामागच्या बोळात एकदम गडद रंग दिसतो. पुढे दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यांनी मोकळ्या झालेल्या कितीतरी जागांवर स्थानिक कौन्सिलांनी भाडेकरूंसाठी इमारती बांधल्या. त्यामुळे आजही अतिमहागड्या घरांच्या रांगेला लागूनच सामान्यांची वसाहत भेटते. म्हणून ‘अमुक भाग चांगला’ हे वाक्य इथे फार थोडं सांगतं. अशाच काही प्रचलित समजुती एकेक करून तपासू.

‘पोस्टकोडचा आकडा लहान, म्हणजे घर शहराच्या मध्याजवळ’

हे साफ चूक आहे. १९१७ साली हे आकडे दिले गेले तेव्हा प्रत्येक विभागात मुख्य टपाल कचेरीच्या भागाला १ मिळाला आणि बाकीच्यांना नावांच्या वर्णानुक्रमाने पुढचे आकडे मिळाले. म्हणून ‘ए’ने सुरू होणारं ॲबी वुड हे एसई (साउथ-ईस्ट) विभागात एसई २ झालं, आणि ते शहराच्या आग्नेय टोकाला आहे. एसई १७ मधल्या वॉलवर्थपासून मात्र मध्य लंडनपर्यंत चालत जाता येतं. तरीही ॲबी वुड लांब म्हणून सोडून द्यावं असं नाही. मे २०२२ मध्ये एलिझाबेथ लाइन ही रेल्वे सुरू झाली आणि तिथून मध्य लंडनला जास्त वेगाने जाता येऊ लागलं. अंतर नकाशावर मोजू नका, दारापासून ऑफिसपर्यंतच्या मिनिटांत मोजा.

‘गुन्ह्यांचे आकडे जास्त, म्हणजे भाग राहण्यास धोकादायक’

इथे थोडं थांबायला हवं, कारण सर्वांत जास्त घोळ याच मुद्द्यावर होतो. ‘पोलीस डॉट यूके’ या सरकारी संकेतस्थळावर २०११ पासून गल्लीनिहाय गुन्ह्यांचा नकाशा कुणालाही फुकट पाहता येतो. फार मोलाची सोय आहे ही, पण ती वाचायची कशी हे कळलं पाहिजे. पीडिताचं घर ओळखू येऊ नये म्हणून प्रत्येक गुन्हा नकाशावर जवळच्या एखाद्या ठरावीक बिंदूवर दाखवला जातो. त्यामुळे तुम्ही पाहताय त्या इमारतीवरचा ठिपका त्याच इमारतीतल्या घटनेचा असेलच असं नाही. शिवाय सुपरमार्केटमधली उचलेगिरी आणि स्टेशनावरची पाकीटमारी एका जागी साचते, आणि शेजारची शांत गल्लीही नकाशावर लालभडक वाटू लागते.

दर हजार रहिवाशांमागे किती गुन्हे, हे गणित तर आणखी फसवं. ‘सिटी ऑफ लंडन’ या जुन्या व्यापारी भागात २०२१ च्या जनगणनेनुसार जेमतेम साडेआठ हजार लोक राहतात, पण कामाला लाखो येतात. गुन्हे त्या लाखोंच्या गर्दीत घडतात आणि भागाकार मात्र साडेआठ हजारांनी होतो. वेस्टमिन्स्टरचंही तसंच. ऑक्सफर्ड स्ट्रीट आणि सोहोतल्या पर्यटकांचे चोरीला गेलेले फोन तिथल्या आकड्यांत मोजले जातात.

मग पाहायचं काय? घरफोडी, मारहाण आणि उपद्रवी वर्तन हे तीन प्रकार वेगळे काढा आणि एका महिन्यावर न जाता पुरं वर्ष बघा. त्यानंतर स्वतः जा, पण एजंटाने दिलेल्या शनिवार सकाळच्या वेळेवर समाधान मानू नका. डिसेंबरात इथे दुपारी चारच्या आतच सूर्य मावळतो. घरातली मुलगी कॉलेजातून परत येईल ती अंधारातच. स्टेशन ते घर हा रस्ता शुक्रवारी रात्री दहा-अकराला चालून पाहा. दुकानं उघडी असतात का, पुलाखालून जावं लागतं का, दिवे आहेत का, हे तेव्हाच कळतं.

वेगवेगळ्या वेळी जाण्याचं आणखी एक कारण आहे. हाउन्सलोसारख्या भागावरून हीथ्रोची विमानं उतरतात. वारा पश्चिमेचा असला की उतरण्याची धावपट्टी दुपारी तीनला बदलते. सकाळी शांत वाटलेलं घर तीननंतर विमानांच्या थेट वाटेखाली येऊ शकतं.

‘चांगल्या भागातली इमारत सुरक्षित असतेच’

१४ जून २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर ग्रेनफेल टॉवर या निवासी इमारतीला आग लागली आणि ७२ माणसं गेली. ही इमारत केन्सिंग्टन अँड चेल्सी या देशातल्या अतिश्रीमंत बरोमध्ये (स्थानिक प्रशासन विभागात) होती. नूतनीकरणात बाहेरून बसवलेल्या ज्वलनशील आवरणाने आग भराभर वर नेली. नंतरच्या तपासण्यांत देशभरातल्या शेकडो उंच इमारतींवर तशीच आवरणं सापडली, त्यांत महागडे नवे खासगी टॉवरही होते. अशा इमारतींतले फ्लॅट विकता येईनात, बँका कर्ज देईनात. ग्रेनफेलची आठवण ठेवायची ती केवळ हळहळण्यापुरती नको. कागद मागताना ती मनात हवी.

बाहेरच्या भिंतीच्या तपासणीचा ‘ईडब्ल्यूएस १’ दाखला आहे का, हे पहिल्याच भेटीत विचारा. २०२२ च्या बिल्डिंग सेफ्टी ॲक्टने किमान ११ मीटर उंच किंवा किमान पाच मजली इमारतींतल्या पात्र फ्लॅटधारकांना दुरुस्तीच्या खर्चापासून संरक्षण दिलं. पण ही पात्रता १४ फेब्रुवारी २०२२ रोजी मालक कोण होता यावर ठरते. त्या दिवशी ते त्याचं मुख्य घर असेल, किंवा ब्रिटनमध्ये त्याची एकूण तीनपेक्षा जास्त घरं नसतील, तर संरक्षण त्या लीजसोबत, म्हणजे फ्लॅटच्या भाडेपट्ट्यासोबत, पुढच्या खरेदीदाराकडे येतं. नाहीतर मोठं बिल येण्याची भीती राहते. म्हणून विकणाऱ्याकडून तसं प्रमाणपत्र घ्यायला वकिलाला सांगायलाच हवं.

‘कौन्सिलची जुनी बिल्डिंग नकोच’

ग्रेनफेलपासून चालत जाण्याच्या अंतरावर ट्रेलिक टॉवर उभा आहे. कौन्सिलच्या घरांसाठी बांधलेला हा एकतीस मजली टॉवर १९७२ मध्ये पुरा झाला आणि लवकरच गुन्हेगारीसाठी बदनाम झाला. रहिवासी संघटित झाले, दारावर माणूस बसला, येण्याजाण्यावर नियंत्रण आलं, आणि आज ही संरक्षित वारसा वास्तू आहे. तिथले फ्लॅट लोक हौसेने घेतात.

१९८० च्या कायद्याने कौन्सिलच्या भाडेकरूंना राहतं घर सवलतीत विकत घेण्याचा हक्क मिळाला आणि त्यातली पुष्कळ घरं आता खुल्या बाजारात आहेत. त्यातही सत्तरच्या दशकातल्या कौन्सिल घरांच्या खोल्या ऐसपैस असतात, कारण तेव्हा त्यांना पार्कर मॉरिस समितीची किमान मापं पाळावी लागत. मर्यादित बजेट असलेल्या कुटुंबाने ती जरूर पाहावीत असं माझं ठाम मत आहे. मात्र उंच टॉवरमधल्या अशा फ्लॅटवर काही बँका कर्ज देत नाहीत, आणि छप्पर किंवा लिफ्टचं काम निघालं की कौन्सिल तुमच्या वाट्याचं बिल पाठवते.

‘आपली माणसं जिथे, तिथे घर घ्यावं’

डॉलिस हिलमध्ये १९३२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र मंडळाची वास्तू आहे, वेम्ब्लीत आपल्याकडचा किराणा मिळतो. परक्या देशात याचं मोल मी कमी लेखणार नाही. पण ओळखीची वस्ती म्हणजे निर्धास्त वस्ती नव्हे. दिवाळीच्या सुमारास आशियाई घरांतल्या सोन्याच्या चोऱ्यांबद्दल लंडनचे पोलीस इशारे देत आले आहेत.

‘किंमत कमी, म्हणजे घर स्वस्त’

महाराष्ट्रात फ्लॅट घेतला की आपण हाउसिंग सोसायटीचे सभासद होतो आणि मेंटेनन्स सर्वसाधारण सभेत ठरतो. तीच सवय मनात धरून लंडनमध्ये गेलात तर फसाल. तिथे बहुतेक फ्लॅट लीजवर असतात. इमारतीचा मालक, म्हणजे फ्रीहोल्डर, वेगळाच असतो आणि पुष्कळदा ती एखादी कंपनी असते. सर्व्हिस चार्ज ती ठरवते आणि त्याला कायद्याने ठरावीक कमाल मर्यादा नाही. जिम, दिवसरात्र रिसेप्शन आणि चार लिफ्ट असलेल्या नव्या टॉवरचा सर्व्हिस चार्ज साध्या तीन मजली इमारतीच्या कितीतरी पट असतो. निदान तीन वर्षांचे हिशेब मागा. एखाद्या मोठ्या दुरुस्तीचा खर्च कुणाही फ्लॅटधारकामागे २५० पौंडांपेक्षा जास्त होणार असेल तर आधी लेखी नोटीस देऊन मतं मागवावी लागतात. अशी नोटीस निघालेली आहे का, हेही विचारा.

लीजची किती वर्षं उरलीत हा प्रश्न तर किमतीच्याही आधीचा. ८० वर्षांच्या खाली गेलेली लीज वाढवणं जुन्या नियमांनी फार महाग पडतं. २०२४ च्या कायद्याने हा जाच काढायचं ठरवलं, पण त्यातल्या सगळ्या तरतुदी एकदम लागू झाल्या नाहीत. आजची स्थिती वकिलाकडूनच समजून घ्या. जून २०२२ अखेरपासून दिलेल्या बहुतेक नव्या लीजवर जमिनीचं भाडं घेता येत नाही, जुन्यांवर ते असू शकतं.

उलट, महागड्या वेस्टमिन्स्टर आणि वॉन्ड्सवर्थमधला कौन्सिल टॅक्स, म्हणजे घरावरचा स्थानिक कर, देशातल्या सर्वांत कमी दरांपैकी आहे. आणि एजंट सांगेल तो भाव खरा मानायची गरज नाही. १९९५ पासूनच्या विक्रीच्या किमती लँड रजिस्ट्री फुकट दाखवते. त्याच इमारतीतले शेजारचे फ्लॅट कितीला गेले ते पाहून मगच बोली लावा.

‘लंडनमधलं पहिलंच घर, म्हणजे पहिल्या घराची सवलत’

पहिल्यांदा घर घेणाऱ्याला चार लाख पौंडांच्या फ्लॅटवर एप्रिल २०२५ पासूनच्या दरांनी ५,००० पौंड स्टॅम्प ड्यूटी पडते. पण इथे पहिलं घर म्हणजे जगातलं पहिलं. पुण्यात स्वतःच्या नावावर फ्लॅट असेल, तो ठेवूनच लंडनमध्ये घेत असाल, तर ५ टक्के अधिभार धरून आकडा ३०,००० वर जातो. खरेदीआधीच्या बारा महिन्यांत १८३ दिवस ब्रिटनमध्ये राहिला नसाल तर आणखी २ टक्के, म्हणजे ३८,०००. मुलांच्या शिक्षणासाठी भारतातूनच घर घेऊ पाहणाऱ्या आईवडिलांना बहुधा हा शेवटचा आकडा लागू होतो. त्यांना रिझर्व्ह बँकेच्या योजनेतून माणशी एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरच पाठवता येतात, हेही गणितात धरावं लागतं.

नवरा-बायकोंपैकी एकाच्याच नावावर भारतात घर असलं तरी अधिभार टळत नाही. गावच्या घरात वारसाहक्काने आलेला हिस्साही पहिल्या घराची सवलत घालवतो. म्हणून भारतातल्या प्रत्येक घराची, वाट्याची आणि त्यावरच्या नावांची यादी वकिलाकडे पहिल्याच दिवशी द्या. ताबा मिळाल्यापासून १४ दिवसांत स्टॅम्प ड्यूटीचं विवरणपत्र भरून पैसे जमा करावे लागतात, आणि त्यातल्या माहितीची जबाबदारी खरेदीदाराची असते.