वाय-फाय कार्ड जळले होते काय?

२०२२ सालची गोष्ट. नेरूळच्या एका शाळेत जुन्या लॅपटॉपवर आम्ही डेबियन लिनक्सची अकरावी आवृत्ती चढवली. सारे सुरळीत चालले, पण वाय-फायचा पत्ता नव्हता. "कार्ड जळलं असेल, सर. नवीन मागवू का?" विज्ञानाच्या बाईंनी विचारले. परंतु आदल्याच दिवशी विंडोजमध्ये तेच कार्ड चालत होते!

दिवा पेटला नाही तर आपण मुलांना सेल, तार, कळ, दिवा असे एकेक तपासायला सांगतो. इथेही तेच करायचे. प्रथम कळ. बऱ्याच लॅपटॉपवर रेडिओ बंद करणारे बटण असते आणि ते चुकून दाबले जाते. ते ठीक होते. मग टर्मिनलमध्ये एल-एस-पी-सी-आय ही पाच अक्षरे टाइप केली. यंत्रात जोडलेल्या भागांची यादी आली. तीत कार्ड होते. (कार्ड यूएसबीचे असेल तर एल-एस-यू-एस-बी.) पुढे सुडो लिहून डी-एम-ई-एस-जी. ही कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची रोजनिशी. तिथे उत्तर सापडले: ड्रायव्हर हजर, पण फर्मवेअरची फाइल गैरहजर.

हे फर्मवेअर काय असते? वाय-फाय कार्ड हा स्वतःच एक छोटा संगणक असतो. बहुतेक कार्डांतला प्रोग्रॅम वीज जाताच पुसला जातो, म्हणून दर वेळी ड्रायव्हर तो डिस्कवरून कार्डात भरतो. ड्रायव्हरचा मजकूर कोणीही वाचू शकतो. फर्मवेअर मात्र उत्पादकाचे आणि बहुधा बंदिस्त. कर्जत तालुक्यातील एका छोट्या शाळेत २००७ साली मुलांना लिनक्सवर चालणारे एक्सओ लॅपटॉप मिळाले, त्यांतही ड्रायव्हर खुला पण मार्वेल कंपनीच्या चिपचे फर्मवेअर बंद अशीच स्थिती होती. बंदिस्त फाइली डेबियनने तत्त्व म्हणून मूळ संचाबाहेर ठेवल्या होत्या. तत्त्व मला पटते, पण त्याची किंमत आमच्या बाईंसारख्यांना मोजावी लागे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सदस्यांनी मतदान करून हे बदलले, आणि जून २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून त्या फाइली संचातच येतात.

आमची अडचण वेगळीच. फाइल इंटरनेटवर, आणि इंटरनेट बंद! बाईंचा फोन यूएसबी केबलने जोडला, त्याचे इंटरनेट लॅपटॉपला दिले, पॅकेजांच्या यादीत 'नॉन-फ्री' विभाग जोडला. कार्ड इंटेलचे होते, म्हणून 'फर्मवेअर-आयडब्ल्यूएलवायफाय' हे पॅकेज उतरवले आणि यंत्र पुन्हा सुरू केले.

यादी आली. शेजारच्या सोसायटीतली सात जाळी दिसली, शाळेचे मात्र नाही. शिपाईमामांनी जाताना राउटरचे बटण बंद केले होते.