लॉस्ट पाइन्स : जळिताच्या जमिनीवरचे नवे रान

अमेरिकेतील टेक्सास राज्यात, ऑस्टिनच्या आग्नेयेला सुमारे ५० किलोमीटरवर बॅस्ट्रॉप हे गाव आहे. त्याच्या भोवतालच्या लोब्लॉली पाइनच्या रानाला ‘लॉस्ट पाइन्स’ म्हणतात. पूर्व टेक्सासमधील पाइनच्या मुख्य पट्ट्यापासून हे रान सुमारे १६० किलोमीटर पश्चिमेला, एकटेच पडले आहे. तिकडच्यापेक्षा इथे पाऊस कमी, त्यामुळे इथला पाइन कोरड्या हवेला सरावलेला.

४ सप्टेंबर २०११ रोजी, तीव्र दुष्काळात, येथे वणवा पेटला. सुमारे ३२ हजार एकर क्षेत्र आणि सोळाशेहून अधिक घरे जळाली, दोघांचा जीव गेला. बॅस्ट्रॉप स्टेट पार्कचा जवळजवळ सगळा भाग होरपळला. १९३०च्या दशकात बांधलेल्या दगडी कुटी मात्र अग्निशमन दलाने वाचवल्या.

लोब्लॉली पाइन जळाला की संपला. त्याच्या बुंध्याला पुन्हा फुटवा येत नाही. नवे झाड बियांतूनच यायचे, आणि जिथे बी धरणारी झाडेच उरली नाहीत तिथे लागवडीला पर्याय नव्हता. पण कोरड्या हवेच्या या रानात कुठलेही लोब्लॉली रोप चालणारे नव्हते. सुदैवाने याच रानाचे बी शीतगृहात राखलेले होते. त्यातून रोपवाटिकांनी रोपे वाढवली. वाळलेली झाडे हटवलेल्या जागी ती हिवाळ्यात हाताने लावली गेली.

जळिताची जमीन रोपाला सोयीचीही असते आणि गैरसोयीचीही. पालापाचोळा जळून माती उघडी पडते, राखेतून काही काळ खनिजे मिळतात, ऊन भरपूर मिळते. पाइनला सावली मानवतच नाही. पण काळवंडलेली वाळूसर जमीन उन्हात तापते आणि ओल धरत नाही. पहिल्या उन्हाळ्याआधी मूळ खोल गेले नाही, तर रोप वाळते.

खरी स्पर्धा त्यानंतरची. ओकची झाडे आणि यॉपॉन नावाची झुडपे जमिनीखालच्या जुन्या मुळांवरून फुटतात. तयार मुळांचे बळ असलेल्या या फुटव्यांपुढे वर्षाचे रोप दुबळेच. शिवाय कोवळे शेंडे पोखरणारी पतंगाची अळी आहेच. एकदा शेंडा झुडपांच्या वर निघाला, की मात्र पाइन झपाट्याने वाढतो.

झुडपे आटोक्यात ठेवण्याचा जुना उपाय म्हणजे हिवाळ्यात मुद्दाम लावलेली सौम्य आग. पातळ सालीच्या लहान पाइनांना तीही सोसत नाही. ते मोठे होईपर्यंत झुडपे यंत्राने किंवा हाताने तोडावी लागतात. शिवाय अशी आग नेहमी ताब्यात राहतेच असे नाही. जानेवारी २०२२मध्ये बॅस्ट्रॉप स्टेट पार्कमध्येच लावलेली नियंत्रित आग निसटली आणि सुमारे आठशे एकर क्षेत्र जळाले.